शेवाळ खाणारा मासा निवडताना

नवा फिश टँक घरी आला की पहिले काही आठवडे काच लखलखीत असते. मग काचेच्या तळाकडून तपकिरी थर चढू लागतो, पानांवर हिरवे ठिपके येतात, फिल्टरच्या नळीवर काळसर केस उगवतात. दुकानात विचारायला गेले की ठरलेला सल्ला मिळतो: एक सकर टाका, सगळे साफ करेल. बोटाएवढा काळपट मासा पिशवीत घालून हातात दिला जातो. शेवाळ खाणाऱ्या माशांशी आपल्याकडच्या बहुतेक हौशी लोकांची पहिली ओळख अशी होते, आणि ती बहुधा चुकीच्या माशाशी होते.

आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत निवडीला पुष्कळ वाव आहे. ओटो, ब्रिसलनोज, सायामीज अल्गी ईटर, हिलस्ट्रीम लोच अशी नावे मुंबईतल्या कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत सहज ऐकू येतात. चेन्नईचे कोळत्तूर आणि कोलकाता इथून देशभर मासे जात असल्याने जिल्ह्याच्या गावीही यातले काही मिळतात. यातला आपल्याला कोणता, हे ठरवताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: टँकमध्ये शेवाळ कोणते आहे, मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि आपल्या नळाला पाणी कसे येते. या तिन्हींचा विचार करून बाजारातल्या माशांचा हा आढावा.

आधी शेवाळ ओळखा

सगळे शेवाळ खाणारा मासा नाही. त्यामुळे सुरुवात काचेकडे नीट बघण्यापासून करावी.

नव्या टँकमध्ये येतो तो तपकिरी थर डायटमचा. बोट फिरवले की तो निघतो आणि टँक दोन-तीन महिन्यांचा झाला की बहुधा आपोआप ओसरतो. काचेवरचा आणि पानांवरचा मऊ हिरवा थर हे शेवाळ खाणाऱ्या बहुतेक माशांचे आवडते खाणे. काचेला घट्ट चिकटलेले गोल हिरवे ठिपके मात्र माशांच्या तोंडाने निघत नाहीत. तिथे पाते किंवा जुने प्लास्टिक कार्ड घेऊन आपणच घासावे लागते. दोऱ्यासारखे लांब हिरवे शेवाळ थोडेच मासे खातात. पानांच्या कडांवर येणारे काळ्या ब्रशसारखे पुंजके त्याहूनही कमी मासे खातात. हे काळे शेवाळ मुळात लाल शेवाळाच्या गटातले. त्याचा तुकडा स्पिरिटमध्ये ठेवला की त्याचा खरा लालसर रंग दिसू लागतो.

दोन तक्रारींवर मात्र मासा हा उपाय नव्हेच. पाणी वाटाण्याच्या सुपासारखे हिरवे झाले, तर ते पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ असते. टँक तीन-चार दिवस पूर्ण झाकून अंधारात ठेवावा किंवा यूव्ही दिवा लावावा, तेव्हा ते जाते. वाळूवर निळसर हिरवी, बुळबुळीत, कुबट वासाची चादर पसरली, तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया हे जिवाणू असतात. त्यांना कोणताही मासा तोंड लावत नाही. ही चादर हाताने काढून, पाणी बदलून, तळाची घाण नळीने ओढून घ्यावी लागते. या दोन्ही वेळी दुकानातून आणलेला मासा काही न करता उपाशी राहतो.

सकर: लहानपणीच लहान

दुकानात सकर किंवा टँक क्लीनर म्हणून मिळणारा मासा बहुधा दक्षिण अमेरिकेतल्या टेरिगोप्लिक्थिस या कुळातला असतो. अंगावर चिलखतासारखे हाडांचे पट्टे, पाठीवर शिडासारखा उभा पर आणि खाली वळलेले तोंड. विकत घेताना तो पाच-सात सेंटीमीटरचा असतो. नीट पोसला तर दीड-दोन वर्षांत फूटभर होतो, आणि पूर्ण वाढीला ४० सेंटीमीटरच्याही पुढे जातो. आपल्याकडचा सर्वाधिक खपाचा टँक दोन फुटी, म्हणजे २४ बाय १२ बाय १२ इंचांचा. त्यात जेमतेम ५० ते ५५ लिटर पाणी मावते. फूटभर लांबीच्या माशाला तिथे वळायलाही जागा पुरत नाही.

शेवाळ खाण्याचे कामही तो लहान असेपर्यंतच मन लावून करतो. मोठा झाला की त्याची नजर तळाला पडलेल्या खाद्याकडे वळते. वर त्याची विष्ठा इतकी असते की पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट वाढते. शेवाळ ज्यावर पोसते ते हेच. काच स्वच्छ राहावी म्हणून आणलेल्या माशामुळेच शेवाळाला खत मिळू लागते.

खरा अनर्थ यापुढचा आहे. टँकमध्ये न मावणारा सकर लोक जवळच्या तळ्यात, नदीत, धरणात सोडतात. जीव वाचवल्याचे समाधान मिळते, पण त्याचे नुकसान दुसऱ्यांना सोसावे लागते. हा मासा हवेतला प्राणवायूही घेऊ शकतो, त्यामुळे घाण पाण्यात इतर मासे मरतात तिथेही तो तगतो. विणीसाठी तो काठाची माती पोखरून बिळे करतो, इतर माशांचे अन्न खातो, आणि त्याचे काटेरी पर मच्छीमारांची जाळी फाडतात. मेक्सिकोतल्या इन्फिएरनिओ जलाशयात तिलापियाची भरभराटीची मासेमारी याच माशांनी मोडीत काढली. भारतात केरळ, तमिळनाडू, आंध्र, पश्चिम बंगाल अशा अनेक राज्यांत तो पसरला आहे, आणि आपल्या भीमेवरच्या उजनी जलाशयातले मच्छीमारही त्याच्यामुळे हैराण आहेत. बाजारात त्याला भाव नाही, जाळ्यातून सोडवताना हात सोलतात, जाळे मात्र दुरुस्तीला द्यावे लागते. घरातल्या काचेचा प्रश्न असा कुणाच्या तरी पोटावर येतो.

त्यामुळे दोन-तीन फुटी टँकसाठी सकर घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आधीच घरात असेल आणि वाढला असेल, तर मोठा टँक असलेल्या कुणाला तरी द्यावा किंवा दुकानदाराला परत घ्यायला लावावा. नदीत किंवा तळ्यात सोडणे हा पर्यायच मानू नये.

सोनेरी रंगाचे आकर्षण

दुसरा फसवा मासा म्हणजे चायनीज अल्गी ईटर. पिवळ्या-केशरी रंगाची त्याची जात दुकानात लगेच नजरेत भरते. नावात चीन असले तरी तो थायलंड, लाओस, कंबोडियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांच्या खोऱ्यांतला. वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहण्यासाठी त्याच्या कल्ल्यांची रचना खास असते. पाणी तोंडावाटे न घेता कल्ल्याच्या वरच्या बाजूच्या फटीतून आत घेता येते, त्यामुळे तो तोंड न सोडता श्वास घेतो.

लहानपणी तो शेवाळ खरोखर चांगले खातो. पण त्याची वाढ २५ सेंटीमीटरपर्यंत होते आणि वयाबरोबर स्वभाव बिघडतो. जागेवर हक्क सांगून इतरांना हुसकावतो, आणि एंजेल, गोल्डफिश, डिस्कस अशा रुंद अंगाच्या माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. त्या जागी जखम होते आणि मग संसर्ग. सामूहिक टँकसाठी हा मासा नको.

ओटो: लहान टँकचा खरा मित्र

छोट्या टँकसाठी एकच मासा सुचवायचा झाला तर तो ओटोसिंक्लस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ओटो. सकरचाच हा दूरचा भाऊबंद, पण पूर्ण वाढूनही चार-पाच सेंटीमीटरच्या आत राहणारा. पेरू, कोलंबिया, ब्राझीलमधल्या नद्यांत तो थव्याने राहतो. अंगावर एक गडद आडवी रेघ, चेहरा मवाळ आणि स्वभाव त्याहून मवाळ. कोळंबीच्या पिल्लांनाही तो त्रास देत नाही. डायटम आणि मऊ हिरवा थर तो दिवसभर चाटत राहतो. सहा ओटोंचा थवा दोन फुटी टँकची पाने आठवड्याभरात पुसून काढतो. दोऱ्याचे शेवाळ आणि काळे पुंजके मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे.

अडचण आहे ती त्याच्या प्रवासाची. बाजारात येणारे बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. पकडण्यापासून दुकानापर्यंत त्यांना कित्येक दिवस धड खायला मिळत नाही, आणि सतत चरणाऱ्या या माशाला उपास सोसत नाही. म्हणून नवे ओटो घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात मरण्याचे प्रमाण मोठे असते. हे टाळता येते, पण काळजी दुकानातूनच सुरू करावी लागते.

ओटो काचेला चिकटलेला असतो तेव्हा त्याचे पोट आपल्यासमोर उघडे असते. गुडघ्यावर बसून, मोबाइलचा उजेड बाजूने टाकून ते पाहावे. पोट फुगीर, गोलसर आणि कल्ल्यांपासून खालच्या परांपर्यंत सलग भरलेले असेल तर मासा खातो आहे. पोट आत गेलेले, दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये खळगा पडलेला असेल, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तसा मासा बहुधा परत उभा राहत नाही. माल त्याच दिवशी आलेला असेल तर आठवडाभर थांबावे. तोवर जगलेले ओटो घरीही जगण्याची शक्यता जास्त.

घरचा टँकही तयार हवा. नव्या टँकमध्ये ओटो कधीच सोडू नये. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात आणि काचांवर, लाकडावर शेवाळाची साय धरायला त्याहून अधिक. तीन-चार महिने जुना, पाने आणि लाकूड असलेला टँक असेल तरच त्यांना आणावे, आणि आणावे ते पाच-सहा एकदम. एकटा ओटो कोपऱ्यात दडून राहतो.

ब्रिसलनोज: मोठ्या टँकचा कामकरी

टँक तीन फुटी किंवा साधारण १०० लिटरच्या पुढचा असेल, तर ब्रिसलनोज प्लेको हा उत्तम पर्याय. तोही दक्षिण अमेरिकेचा, सकरच्याच कुळातला, पण १२-१३ सेंटीमीटरच्या आसपास थांबणारा. वयात आलेल्या नराच्या नाकावर फांद्या फुटल्यासारखे मांसल काटे येतात, त्यावरून तो ओळखता येतो. दुकानात सकरचे पिल्लू ब्रिसलनोज म्हणून खपवले जाते, तेव्हा पाठीचा पर बघावा: सकरचा उंच आणि लांब, शिडासारखा, तर ब्रिसलनोजचा आखूड.

त्याचा मोठा गुण म्हणजे तो घरगुती टँकमध्येही सहज वीण घालतो. नर गुहेत अंडी राखतो, पिल्ले बाहेर पडेपर्यंत पंखा घालत बसतो. त्यामुळे बाजारातले ब्रिसलनोज नदीतून पकडलेले नसून बहुधा टँकमध्येच वाढलेले असतात, आणि विकत घेतल्याने नदीचे काही जात नाही. टँकमध्ये लाकडाचा तुकडा मात्र हवाच, तो त्याला कुरतडायला आवडतो. दोन नर एका लहान टँकमध्ये ठेवू नयेत, गुहेवरून भांडतात. विष्ठा बरीच करतो, म्हणून फिल्टर दमदार हवा.

काळ्या पुंजक्यांसाठी सायामीज

काळे ब्रशसारखे शेवाळ नेमाने खाणारा मासा म्हणून सायामीज अल्गी ईटरचे नाव घेतले जाते, आणि ते रास्त आहे. क्रॉसोकायलस या कुळातला हा आग्नेय आशियातला चपळ मासा १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, थव्याने राहतो आणि उडी मारतो, म्हणून टँकला झाकण लागते. चार फुटी टँक त्याला शोभतो. दोन फुटीत त्याची कोंडी होते. वय वाढले आणि गोळी खाद्याची चटक लागली की त्याचा शेवाळातला रसही कमी होतो, त्यामुळे खाद्य हात राखून द्यावे.

खरेदीतली गोची म्हणजे त्याच्यासारखे दिसणारे मासे. खऱ्या सायामीजच्या अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या परातून थेट टोकापर्यंत जाते, आणि तिच्या कडा किंचित दातेरी असतात. पट्टी शेपटीच्या मुळाशीच थांबत असेल तर तो बहुधा गारा कुळातला मासा. पट्टीच्या वर सोनेरी रेघ असेल आणि परांवर काळा-पांढरा रंग खुलत असेल तर तो फ्लाइंग फॉक्स, दिसायला सुंदर पण भांडखोर आणि शेवाळाच्या बाबतीत आळशी. ही तीन लक्षणे लक्षात ठेवली तर फसवणूक टळते.

मॉली, रोझी बार्ब आणि सह्याद्रीतला मळ्या

शेवाळ खाणारा मासा म्हणजे तळाला चिकटणाराच, असे नाही. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली मॉली काचेवरचा मऊ थर आणि पाण्यावर साचणारा तेलकट पापुद्रा दिवसभर टिपत असते. ती सगळीकडे मिळते आणि तिला जड पाणी आवडते. पिल्ले मात्र साधारण महिन्याला देते, त्यांची सोय आधी करावी. उत्तर आणि ईशान्य भारतातला रोझी बार्ब दोऱ्याच्या शेवाळावर तुटून पडतो, पण कोवळ्या झाडांनाही सोडत नाही. तो थव्याने, तीन फुटी टँकमध्ये ठेवावा.

सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडांवरचे शेवाळ खाणारा आपला मळ्या हा गारा कुळातला मासा. ब्रिटिश अधिकारी सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा इथलेच नाव त्याच्या शास्त्रीय नावात आले. वाहत्या पाण्याला, भरपूर प्राणवायूला आणि थव्याला सोकावलेला हा मासा लांबीला १५ सेंटीमीटरपर्यंत होतो आणि उड्या मारतो. ओढ्यावरून डब्यात घालून घरी आणलेला मळ्या लहान टँकमध्ये सहसा टिकत नाही. त्याला पाहायचे तर पावसाळा सरल्यावर ओढ्याच्या काठी बसून पाहावे.

थंड वाहत्या पाण्याची हीच अट हिलस्ट्रीम लोचला लागू पडते. व्हिएतनाम आणि चीनमधले हे चपटे मासे दगडाला बिलगून शेवाळ खातात, दिसतातही विलक्षण. पण त्यांना २० ते २४ अंशांचे पाणी आणि जोरदार प्रवाह लागतो. चिलर नसलेल्या घरी मुंबईच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात ते तग धरत नाहीत.

माशांखेरीज

अगदी लहान, २०-२५ लिटरच्या टँकमध्ये शेवाळासाठी मासा न ठेवणेच बरे. तिथे कोळंबी आणि गोगलगाय जास्त कामाच्या. जपानी छायाचित्रकार आणि जलउद्यानांचे रचनाकार ताकाशी अमानो यांनी लोकप्रिय केलेली अमानो कोळंबी दोऱ्याचे शेवाळ फस्त करते. काचेवरचे कडक हिरवे ठिपके खरवडणारा प्राणी म्हणजे नेराइट गोगलगाय. गोड्या पाण्यात तिची अंडी उबत नाहीत, त्यामुळे तिची पैदास हाताबाहेर जात नाही. लाकडावर आणि काचेवर अंड्यांचे पांढरे ठिपके मात्र राहतात. एंजेल किंवा मोठे बार्ब असतील तर कोळंबी ठेवू नये, एका रात्रीत संपते.

पाणी, उन्हाळा आणि ताट

मुंबईच्या नळाला भातसा, तानसा, वैतरणाचे पाणी येते, ते मऊ असते. पुण्यातले खडकवासल्याचे पाणीही मऊ. ओटोला ते मानवते. मराठवाड्यात, विदर्भात आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत बोअरचे पाणी बहुधा जड. तिथे ओटोचा हट्ट धरण्यापेक्षा मॉली ठेवावी. ब्रिसलनोजही अशा पाण्याशी हळूहळू जुळवून घेतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढायला अँटी-क्लोरीन घालायला कधीच विसरू नये.

उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. तळाशी राहणाऱ्या माशांना हे लवकर जाणवते. एअर पंप चालू ठेवावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते.

आणि शेवटी माशाचे ताट. शेवाळ खाणारा मासा फक्त शेवाळावर जगतो, हा समज अनेक माशांच्या जिवावर उठतो. काच स्वच्छ झाली की त्याच्यासमोरचे अन्न संपते. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा दुधीची, काकडीची किंवा दोडक्याची पातळ चकती एक उकळी काढून, गार करून, काट्याला टोचून तळाशी ठेवावी. रात्री ठेवलेली चकती सकाळी उचलावी, नाहीतर पाणी नासते. सोबत स्पिरुलिनाची गोळी असावी. ओटो चकतीवर रांगेने चढले की त्यांची आपल्याला काळजी राहत नाही.

मग कोणता?

मऊ पाणी, दोन फुटी जुना टँक, तपकिरी किंवा मऊ हिरवे शेवाळ: पाच-सहा ओटो. तीन फुटी टँक: एक ब्रिसलनोज. चार फुटी टँकमध्ये काळे पुंजके: सायामीजचा छोटा थवा. जड पाणी: मॉली. अगदी लहान टँक: कोळंबी आणि नेराइट. सकर आणि चायनीज अल्गी ईटर: घरगुती टँकसाठी नाहीत.

मासा आणण्याआधी मात्र दिवा सहा ते आठ तासांवर आणावा, खिडकीचे ऊन टँकवर पडू देऊ नये, खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे आणि दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. एवढे केले तरी निम्मे शेवाळ आवरते, आणि उरलेल्यासाठी योग्य मासा पुरेसा ठरतो. दुकानात गेल्यावर दोन प्रश्न जरूर विचारावेत: हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, आणि काच स्वच्छ झाल्यावर हा काय खाईल? दुकानदार गिऱ्हाईक मागेल तेच आणतो. हे प्रश्न पुष्कळ लोक विचारू लागले की दुकानांच्या टाक्यांतून सकरची पिल्ले हळूहळू कमी होतील, आणि उजनीच्या जाळ्यांतही पुढे त्यांची भर पडायची थांबेल.